वीसची नोट, मुलाच्या बॅगेतली कांडी आणि आईची मशेरी

कुळागर
७ फेब्रुवारी २०२६, रात्री ११.१०

एक तारखेपासून सिगारेट महागली, हे ओढणाऱ्यांना मी सांगायला नको. आमच्या तिस्कावरच्या गाड्यावर वीसची नोट ठेवली की सिगारेट मिळायची आणि सुट्ट्यांऐवजी हातावर पेपरमिंटची गोळी. आता गाडेकार आधी नोटेकडे बघतो, मग माझ्याकडे.

मी फोंडा तालुक्यातला. वय ४९, त्यातली २८ वर्षं धुरात. दिवसाला बारा-चौदा. पहिली चहाबरोबर, शेवटची रात्री कुत्र्याला भात घालताना, मधल्या कुठे जातात ते मलाही कळत नाही. मंगळवारी बायकोने कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडून दाखवला. नव्या भावाने महिन्याला स्कूटरचा हप्ता निघतो आणि वर पेट्रोल. ठरवलं, बास झालं.

शुक्रवारी मुलाच्या बॅगेत चार्जर शोधत होतो. मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. हाताला एक कांडी लागली. जाड हायलायटर पेनसारखी, निळी-केशरी. नाकाशी नेली तर आंब्याचा वास. मानकुरादाचा नव्हे, खोक्यातल्या रसाचा.

संध्याकाळी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, ह्यात तंबाखू नाही, धूर नाही. तुमच्यापेक्षा बरं." माझा आवाज चढला. मग तो म्हणाला, "तुमच्या शर्टाचा वास घेतच मी मोठा झालो." पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी मागच्या दारी पोफळीखाली जाऊन काय केलं ते ओळखा.

तर जाणकारांनी सांगावं. कर वाढला म्हणून खरंच कुणी सोडतं का? आणि ही वेप, म्हणजे निकोटीनच्या द्रवाची वाफ ओढायची बॅटरीवरची कांडी, सिगारेटपेक्षा वाईट की बरी? वेपवर देशात बंदी आहे, म्हणून बायकोला पोलिसांची भीती वाटते. आईला अजून कळलेलं नाही. (आई रोज सकाळी मशेरी लावते. हा विषय घरात कुणी काढत नाही.)


शंकेखोर
७ फेब्रुवारी, रात्री ११.३२

कर वाढला म्हणून सोडलेला एक माणूस दाखवा, मी त्याला म्हापशाच्या बाजारात नेऊन हार घालतो. सरकारला तुमची फुप्फुसं नकोत, पाकीट हवंय. एका हाताने पाकिटावर सडलेल्या गालाचं चित्र छापायचं आणि दुसरीकडे सरकारी एलआयसी सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीची मोठी भागधारक. तुम्ही ओढलीत तरी त्यांचा फायदा, सोडलीत तर जाहिरात.


सांखळीची_सून
८ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

वाचतेय. मशेरीवर मला बोलायचं आहे, पण आधी डबे.


बाबल्याचा_गाडा
८ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

माझ्या वडिलांचा गाडा आहे, मी सुट्टीच्या दिवशी बसतो. शंकेखोर, काउंटरच्या आतून वेगळं दिसतं.

भाव वाढला की पहिल्या आठवड्यात लोक शिव्या घालतात. आम्हाला, सरकार तिथे नसतं म्हणून. दुसऱ्या आठवड्यात पाकीट घेणारा सुट्टी सिगारेट घ्यायला लागतो. लांब सिगारेटवाला आखूडवर येतो. बांधकामावरचे कामगार विडीवर जातात, आणि विडीच्या बंडलाला तेवढी झळ बसलेली नाही. यंदा तीन गिऱ्हाइकं आठवडाभर फिरकली नाहीत. त्यातला एक काल आला. म्हणे, "सोडलेली नव्हती रे, ताप आलेला."

पण कॉलेजची पोरं खरंच कमी झाली. पूर्वी चौघे येऊन चार घेत, आता चौघांत एक फिरते. ती वेपकडे गेली की घरी गेली, मला माहीत नाही. आम्ही वेप ठेवत नाही. विचारणारे रोज दोन तरी असतात.


हिशेबनीस
८ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

शंकेखोर अर्धं बरोबर बोलतात, म्हणून उरलेलं अर्धं मी लिहितो. पेशाने करसल्लागार आहे, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासून सिगारेटवर २८ टक्के कर आणि वर भरपाई उपकर होता. राज्यांची तूट भरायला केंद्राने कर्ज काढलं होतं, ते फिटेपर्यंत हा उपकर चालू ठेवला. आता तो गेला. १ फेब्रुवारीपासून त्याची जागा केंद्रीय उत्पादन शुल्काने घेतली आहे: हजार सिगारेटींमागे लांबीप्रमाणे २,०५० ते ८,५०० रुपये. म्हणजे एका सिगारेटीमागे दोन ते साडेआठ रुपये, आणि शिवाय ४० टक्के जीएसटी. मधल्या साडेआठ वर्षांत २०२० आणि २०२३च्या किरकोळ वाढी सोडल्या तर कर जवळपास जागच्या जागी होता. पगार वाढत गेले, सिगारेट त्या मानाने स्वस्त होत गेली. कुळागर, तुमची २८ वर्षं काही फक्त निकोटीनने काढलेली नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की किरकोळ किमतीतला किमान ७५ टक्के भाग कर असावा. आपल्याकडे या वाढीआधी सिगारेटवर तो साधारण ५३ टक्के होता आणि विडीवर २२. आता विडीचा जीएसटी २८वरून १८वर आणलाय. बाबल्याच्या गाड्यावरचे कामगार विडीकडे वळले ते आपोआप नव्हे, कराच्या तक्त्यानेच त्यांना ती वाट दाखवली. विडी वळणाऱ्या बायांच्या पोटाचा प्रश्न आहे हे खरं, पण ओढणाऱ्याच्या छातीला ते कळत नाही.

लांबीची गंमत तर बघा. शुल्क मिलिमीटरवर ठरतं, म्हणून कंपन्या ६५च्या आत बसेल अशी ६४ मिलिमीटरची सिगारेट काढतात. शिंप्याच्या टेपवर देशाचं आरोग्य.

आणि आपल्या गोव्यापुरतं: दारू जीएसटीबाहेर आहे, तिचं शुल्क राज्य ठरवतं, म्हणून पत्रादेवी ओलांडून आलेला पाहुणा आधी बाटली घेतो. सिगारेटचं तसं नाही. बांद्यात जो कर तोच पेडण्यात. नवं उत्पादन शुल्क केंद्राच्या तिजोरीत जातं आणि केंद्राच्या वाटपात गोव्याचा हिस्सा अर्धा टक्कासुद्धा नाही. तेव्हा "गोवा सरकार लुटतंय" असं निदान ह्या बाबतीत म्हणू नका. बाकी बाबतीत म्हणा.

राहिला मूळ प्रश्न. किंमत १० टक्के वाढली तर आपल्यासारख्या देशांत खप साधारण ५ टक्के घटतो, असा जगभरचा अंदाज आहे. तो घटतो मुख्यतः पोरांमध्ये आणि कमी पैसेवाल्यांमध्ये. २८ वर्षं ओढणारा माणूस त्या पाच टक्क्यांत सहसा नसतो. हार घालायला तुम्हाला माणूस सापडणार नाही शंकेखोर, कारण ज्याने सुरूच केली नाही त्याला गर्दीत कसं ओळखणार?


शंकेखोर
८ फेब्रुवारी, दुपारी १.०५

शेवटच्या ओळीला पाच गुण. पण सुट्टी विक्री चालू असताना हे सगळं फुकट आहे. पाकीट महागलं तर पोटात गोळा येतो, सुट्टीला चार रुपये वाढले तर खिशातली नाणी चाचपतो आणि देतो. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्टी सिगारेट बंद केली. सावंतवाडीला जाऊन बघा किती बंद आहे ते. शिवाय सुट्टी घेणाऱ्याला पाकिटावरचं ८५ टक्के चित्र दिसतच नाही. गाड्यावरच्या लायटरचं चित्र दिसतं.


बाबल्याचा_गाडा
८ फेब्रुवारी, दुपारी १.२०

आमच्या लायटरला दोरी बांधलेली आहे. चित्र नाही.


सांखळीची_सून
८ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

आता निवांत.

कुळागर, तुम्ही मशेरी कंसात टाकलीत म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई तव्यावर तंबाखूची पानं भाजायच्या, काळी होईपर्यंत. घरभर ठसका. मी नवी नवरी, पदर नाकाला लावून पडवीत. मग ती चुरून डबीत. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि कुणाशी भांडण झालं की एकदा जास्त. एकादशीला पाणीसुद्धा मोजून, पण मशेरी चालायची, कारण ती "खात" नाहीत, "लावतात". दात स्वच्छ होतात म्हणे. त्यांचे दात गेले ते वयाने गेले, असंच अजून सगळे म्हणतात.

माझे सासरे चोरून विडी ओढत तर त्यांना सासूबाई सगळ्यांसमोर बोलायच्या, "घराला धूर लावला." त्यांची डबी मात्र देवघराच्या फळीवर.

मला सांगायचंय ते हे की आमच्या घरात तंबाखूला तीन नावं होती. पुरुषाची ती सवय, बाईचं ते औषध आणि गड्याचं ते व्यसन. आता पोरांची कांडी आली आहे, तिला आपण थेट गुन्हा म्हणतो. मी पोराची बाजू घेत नाहीये. पण कुळागरांच्या घरात तीन पिढ्या एकाच गोष्टीला बांधल्यात आणि ओरडा फक्त धाकट्याला पडला.


रानवाट
८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.१२

+१. दर वेळी लोक म्हणतात गोवा म्हणजे नशा. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले आणि गोव्यात ९.७. सगळ्या राज्यांत कमी. गुटखा आपण २००५ साली बंद केला, धुम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा राज्याचा कायदा १९९७चा, केंद्राच्या कायद्याच्या सहा वर्षं आधी. मात्र त्याआधीच्या सर्वेक्षणात आपण ८.८ होतो. देश ३४.६वरून खाली आला आणि आपण इंचभर वर चढलो, हे कुणी सांगत नाही.


जुना_कागद
८ फेब्रुवारी, रात्री ८.०५

अवांतर, पण राहवत नाही. तंबाखूवरच्या कमाईची गोव्याला सवय जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत ब्राझीलच्या बाहियातून तंबाखूचे रोल लिस्बनमार्गे इथे यायचे आणि ती विकण्याचा मक्ता बोली लावून दिला जायचा. मक्तेदार तो रेंदेर. आज रेंदेर म्हटलं की माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा आठवतो, शब्द तोच, महसुलाचाच. विजापूरहून असद बेगने अकबराच्या दरबारात हुक्का नेला तो १७व्या शतकाच्या सुरुवातीला. हकिमांनी नको सांगितलं, दरबाऱ्यांनी ओढून पाहिला. जहांगीराने १६१७ मध्ये बंदी घातली. बंदीचं काय झालं ते बाबल्याला विचारा.


तारवटी
९ फेब्रुवारी, पहाटे ३.४४

जहाजावर आहे, नेट आलंय तोवर लिहितो.

मी सिगारेट वेपने सोडली. चार वर्षं झाली. खोकला गेला, जिना चढताना दम लागत नाही, कपड्यांना वास नाही. धागाकर्त्याच्या मुलाचं म्हणणं माझ्यापुरतं खरं आहे.

आता दुसरी बाजू. सिगारेटला शेवट असतो. ओढली, विझवली, कामाला लागलो. मधे पाऊस असतो, वारा असतो, डेकवर जायचा कंटाळा असतो. कांडीला शेवट नाही. उशीखाली असते. कूस बदलली की एक झुरका. सिनेमा बघताना किती घेतले ते मोजता येत नाहीत. पूर्वी मी दिवसाला पंधरा वेळा व्यसनी होतो, आता दिवसभर आहे. सिंगापूरला वेपवर कडक बंदी, बंदर यायच्या आत ती टाकून द्यावी लागते. तेव्हा कळतं सुटलंय की नाही. हात कापतात.

पोराने सिगारेट कधी ओढलीच नसेल तर त्याचं आणि माझं गणित एक नाही. मी आगीतून फुफाट्यात आलो. तो घरातून निघून थेट फुफाट्यात गेलाय.


स्विंडनचा_पेडणेकर
९ फेब्रुवारी, पहाटे ४.२०

आमच्याकडे इंग्लंडात उलटं चित्र आहे. इथे डॉक्टरच सिगारेटवाल्याला सांगतात, जमत नसेल तर वेपवर जा. वीसचं पाकीट १५ पौंडांच्या वर. वेप दुकानात राजरोस, पण द्रवात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन नको, टाकी २ मिलिलिटरची, अठराच्या आतल्यांना विक्री नाही. तरी शाळेतली पोरं रंगीत कांड्यांवर गेली, म्हणून १ जून २०२५पासून वापरून फेकायच्या कांड्या बंद केल्या. ऑक्टोबर २०२६पासून वेपच्या द्रवावरही कर लागतोय.

इथले लोक वेपकडे बघतात ते आपण च्युइंगमकडे बघतो तसं. बसस्टॉपवर म्हातारी बाई स्ट्रॉबेरीचा ढग सोडते आणि कुणाला काही वाटत नाही. तीच मंडळी डिसेंबरात कळंगुटला येतात, खिशातून कांडी काढतात आणि तिथे ती बंद आहे हे ऐकून हसतात.


रात्रपाळी_हणजूण
९ फेब्रुवारी, पहाटे ५.१०

पेडणेकर, हसतात ते आम्ही रोज बघतो. मी हॉटेलात रिसेप्शनला आहे, वय २३, आणि हो, वेप करतो. धाग्यावर तारवटी सोडले तर वेप करणारा मी एकटाच दिसतो, बाकी सगळे काका-मामा.

गिऱ्हाईक लॉबीत ढग सोडतो, त्याला आम्ही "सर, बाहेर" म्हणायचं. त्याच कांडीसाठी मी पार्किंगच्या मागे लपायचं. मिळते कशी हे लिहिणार नाही, पण जी मिळते तिच्या आत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. वर ५ टक्के निकोटीन छापलेलं असतं. पेडणेकरांच्या हिशेबाने ते ५० मिलिग्रॅम, तिकडच्या मर्यादेच्या अडीच पट. खरं की खोटं कोण तपासणार? बंदी असलेल्या मालाला शिक्का नसतो.

सिगारेट ओढणारे काका मला सांगतात, "वेप वाईट रे, पोरा." बोटांत सिगारेट धरून सांगतात. तेव्हा ऐकावंसं वाटत नाही. कुळागर काका, राग मानू नका.

आणि मला सोडायची आहे. सकाळी आधी कांडी शोधतो, मग फोन.


व्यवस्थापक
९ फेब्रुवारी, सकाळी ९.००

"घरपोच मिळेल" असा नंबर देणारा एक प्रतिसाद उडवला आहे. विक्रीच नव्हे, जाहिरातही कायद्याने बंद आहे. पुन्हा दिसल्यास सदस्यत्व बंद.


दातवाली
९ फेब्रुवारी, रात्री ९.४५

सरकारी दवाखान्यात दंतचिकित्सक आहे. दोन दिवस वाचत होते, तुकड्या-तुकड्यांत उत्तर देते.

आधी कायदा, कारण कुळागर यांच्या पत्नीला ती काळजी आहे. १८ सप्टेंबर २०१९ला वटहुकूम आला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात यांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा करण्याला सहा महिने किंवा ५० हजार. ओढणाऱ्याला शिक्षा असं कलम त्यात नाही. पण बाहेरून कुरियरने मागवली तर ती आयात आहे, आणि मित्रासाठी चार आणून दिल्या तर ते वाटप. हे मुलाला सरळ सांगा. धाक म्हणून नको, माहिती म्हणून.

वाईट की बरी? सिगारेटमधलं मारणारं मुख्यतः जळण्यातून येतं: डांबर, कार्बन मोनॉक्साइड, कर्करोग करणारी सत्तरएक द्रव्यं. वेपमध्ये जळत नाही, म्हणून ती सिगारेटपेक्षा कमी घातक हे बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. सोडण्यासाठी निकोटीनची वेप गम-पॅचपेक्षा जास्त उपयोगी पडते, असं वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यातही आलंय. तारवटींचा अनुभव त्याला धरून आहे. पण हे सगळं सिगारेट ओढणाऱ्याशी तुलना करून. न ओढणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाची तुलना स्वच्छ हवेशी करायची. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, त्या वयात निकोटीन घट्ट रुजतं. "तंबाखू नाही" हे त्याचं वाक्य खरं असेल. निकोटीन आहे ना?

आणि बिनशिक्क्याच्या मालाचं काय होतं ते अमेरिकेत २०१९ मध्ये दिसलं. फुप्फुसं सुजून २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यात ६८ मृत्यू. तपासलेल्यांपैकी बहुतेकांत गांजाच्या द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. दुकानातल्या साध्या निकोटीनच्या वेपशी त्याचा तसा ठोस संबंध दिसला नाही, हेही सांगायला हवं. रात्रपाळी, तुमच्या कांडीत काय आहे हे तुम्हालाच ठाऊक नाही, माझी भीती तिथे आहे.

आता व्यसन. निकोटीन झुरक्यानंतर १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं अर्धं उतरतं. बारा-चौदा सिगारेटी जागेपणी वाटून बघा, कुळागर, मधल्या कुठे जातात ते कळेल. आम्ही पहिला प्रश्न विचारतो: उठल्यावर किती मिनिटांनी? पाच मिनिटांच्या आत असेल तर पकड घट्ट. दिवसाला किती, हे नंतर.

सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोप नाही, भूक. दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. निकोटीन गम मिळतो, पण आपले लोक तो बडीशेपेसारखा चावतात आणि म्हणतात उचकी लागते. हळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, त्या गेल्या की पुन्हा. चहा पिऊन लगेच घेऊ नका, तोंड आंबट असलं की तो शोषला जात नाही. आणि चहाच कमी करा. धुरामुळे शरीर कॅफीन लवकर फेकतं. धूर थांबला की तेवढ्याच चहाने छाती धडधडते आणि माणसाला वाटतं सिगारेट सोडल्याचा त्रास. पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तो वाचायला पाकीट घ्यावं लागतं हे खरं.

मशेरीबद्दल सांखळीच्या सूनबाईंनी लिहिलं त्याला एकच जोड: माझ्या खुर्चीत बसणाऱ्या आज्या "तंबाखू घेता का?" म्हटलं की नाही म्हणतात. "मशेरी लावता का?" म्हटलं की डबी दाखवतात. पांढरे चट्टे तिथेच असतात, जिथे त्या बोट फिरवतात.


शंकेखोर
९ फेब्रुवारी, रात्री १०.१५

मग बंदी चूक की बरोबर ते सांगा ना, डॉक्टर. मारणारी सिगारेट परवान्याने आणि कमी मारणारी कांडी गुन्हा? हिशेबनीसच सांगतील, एकीतून कर येतो आणि दुसरीतून येत नव्हता.


दातवाली
९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

माझं मत विचारताय तर, सिगारेटला जन्मतःच बंदी घातली असती तर बरं झालं असतं. ती संधी वेपच्या बाबतीत होती, ती घेतली, हे मला पटतं. मात्र तारवटींसारख्याला मी काय देऊ, याचं उत्तर कायद्यात नाही. गम, गोळ्या आणि माझा वेळ, एवढंच आहे.


हिशेबनीस
९ फेब्रुवारी, रात्री ११.०२

कर मिळावा म्हणूनच बंदी, हे मला पटत नाही. करच हवा असता तर वेपलाही ४० टक्के लावून मोकळे झाले असते. पण बंदी घालायची आणि कांड्या हणजुणात मिळायच्याच, तर सरकारला करही नाही, तपासणीही नाही आणि वयाची अटही नाही. रात्रपाळीच्या प्रतिसादाने माझं मत थोडं हललं आहे, कबूल करतो.


कुळागर
११ फेब्रुवारी, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. सूनबाई, तुमचा प्रतिसाद बायकोने मोठ्याने वाचला, मी ताटावर होतो.

डॉक्टरांचा प्रश्न मी मुलाला विचारला. उठल्यावर किती मिनिटांनी? तो म्हणाला, "तुम्ही आधी सांगा." मी खोटं बोलणार होतो, दहा-पंधरा म्हणणार होतो. बायको म्हणाली, "चूळ भरायच्या आधी." मग तो म्हणाला, डोळे नीट उघडायच्या आधी. म्हणजे दोन्ही बापलेक पाचच्या आत.

रात्रपाळी, तुमचा राग नाही. तुमचा प्रतिसाद मी त्याला दाखवला. "हा कोण?" म्हणाला. मी म्हटलं, असाच कुणाचा तरी मुलगा. त्याने तो दोनदा वाचला.

कांडी मी फेकली नाही. त्याने आपणहून आईच्या कपाटात ठेवली. आज सकाळी ती तिथे नव्हती. दुपारी पुन्हा होती.


तारवटी
१२ फेब्रुवारी, पहाटे ४.१५

कपाटात परत येते म्हणजे चांगलं आहे. माझी कधीच परत येत नाही.


कुळागर
१२ मार्च, रात्री ९.५०

धागा वर काढतोय म्हणून माफी, दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं.

महाशिवरात्रीपासून गमवर आहे. आज सव्विसावा दिवस. शिमग्याच्या रोमटात, म्हणजे मिरवणुकीत, ढोल वाजायला लागला आणि शेजाऱ्याने पुढे केली, तेव्हा एक पूर्ण आणि एक अर्धी ओढली. अर्धी का टाकली ते सांगता येत नाही, चव पत्र्यासारखी लागली. चहा पाचावरून दोनवर आणलाय, डॉक्टर, ते धडधडणं खरंच थांबलं. गमचा खर्च सिगारेटपेक्षा कमी आहे पण फुकट नाही, त्यावरचा कर कमी करा अशी मागणी हिशेबनिसांनी कुठेतरी करावी.

मुलाचं चालू-बंद आहे. आठवडा गेला, मग परीक्षेच्या आदल्या रात्री घेतली, मग परत बंद. मला सांगतो तरी. दवाखान्यात दोघे एकत्र गेलो. तिथल्या बाईंनी आधी माझं तोंड तपासलं आणि त्याला बाहेर बसवलं नाही.

आईला शेवटी कळलंच. घरात गमची पाकिटं दिसायला लागली, तिने विचारलं, मुलाने सगळं सांगून टाकलं. आंब्याच्या वासासकट. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "आंबा कुठला? मानकुराद की पायरी?" आणि पडवीत जाऊन मशेरीची डबी उघडली.

आम्ही दोघे बघत होतो, ते तिला दिसलं. "माझी डबी कुणी मोजायची नाही," म्हणाली. पण दुपारची तिने जेवणानंतर लगेच लावली नाही. चारच्या सुमारास लावली.


सांखळीची_सून
१२ मार्च, रात्री १०.०५

चार म्हणजे किती तास उशीर झाला?


कुळागर
१२ मार्च, रात्री १०.१२

अडीच.